पाच सेंटिमीटरची स्कूटर

खेळण्यांच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत स्कूटर मिळते. मूल ती फरशीवर आपटतं, जिन्यावरून सोडून देतं, तिला काही होत नाही. मग रेझिनचं किट आणून बोटभरही लांब नसलेली स्कूटर जोडणारा माणूस दिवसचे दिवस भिंगाखाली मान घालून करतो तरी काय? आणि जोडून झाल्यावरही तो कुणाला हात लावू देत नाही, ते कशासाठी?

‘नाजूक असते हो,’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्याने पुढचा प्रश्न सुटत नाही. खरी स्कूटर तर चांगली दणकट असते. नवरा-बायको, दोन मुलं आणि पायाशी गॅसचा सिलिंडर एवढा संसार तिने वर्षानुवर्षं वाहिला. तीच वस्तू हुबेहूब लहान केली की नाजूक का होते? कारण ती लहान होत असताना भोवतालचं बरंच काही लहान होत नाही. आपली बोटं आहेत तेवढीच राहतात. गोंदाचा थेंब तेवढाच राहतो, रंगाचा थरही तेवढाच. किट जोडणं म्हणजे लहान झालेल्या आणि लहान न झालेल्या गोष्टींचा मेळ बसवणं. एक व्हेस्पा समोर ठेवून तो कसा बसवतात ते पाहू.

१. पस्तिसावा हिस्सा

व्हेस्पाच का? १९४६ साली इटलीच्या पियाजिओ कंपनीने तिचं पेटंट घेतलं. आराखडा होता कोरादिनो दास्कानिओ या विमानांच्या अभियंत्याचा. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने परवाना घेऊन त्याच घराण्यातल्या स्कूटर बनवल्या आणि १९७२ साली आलेली चेतक व्हेस्पाच्या ‘स्प्रिंट’ या मॉडेलवर बेतलेली होती. त्यामुळे फूटबोर्ड कुठे, किक कुठे, डिकी कोणत्या बाजूला, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही.

किटच्या खोक्यावर १/३५ असा आकडा असतो. मॉडेलवरचं एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या स्कूटरवरचे पस्तीस मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. पस्तीस हा आकडा तसा विचित्रच. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढं ते मोठं ठेवलं. मागाहून मापं घेतली तेव्हा ते मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचं निघालं. पुढे लष्करी वाहनांच्या आणि सैनिकांच्या किटांना तेच माप रूढ झालं, आणि त्या सैनिकांशेजारी उभी करायची म्हणून स्कूटरही त्याच मापात आली.

व्हेस्पाची लांबी सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे १७५० मिलिमीटर. भागिले ३५, बरोबर ५० मिलिमीटर. आठ इंची रिमचं चाक टायरसकट सुमारे ३७ सेंटिमीटर व्यासाचं असतं. मॉडेलवर ते अकरा मिलिमीटरच्या आत बसतं. इथपर्यंत सोपं आहे.

आता वजन. लांबी ३५ पट कमी झाली की रुंदी आणि उंचीही तेवढीच कमी होते. म्हणून आकारमान ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पटीने घटतं. शंभर किलोची स्कूटर त्याच धातूंची आणि आतून तशीच पोकळ ठेवून लहान केली तर तिचं वजन भरेल अवघं २.३ ग्रॅम.

२. मोडते कशानं?

एखाद्या दांड्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. क्षेत्रफळ घटतं ३५ × ३५, म्हणजे १,२२५ पटीने. वजन मात्र बेचाळीस हजार पटीने घटलं होतं. याचा अर्थ लहान स्कूटर स्वतःच्या वजनाच्या मानाने मोठीपेक्षा ३५ पट मजबूत आहे! हा हिशेब गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडला आहे. मुंगी उंचावरून पडली तरी तिला काही होत नाही आणि हत्तीला मात्र खांबासारखे पाय लागतात, ते याच कारणाने.

मग आपलं मॉडेल का मोडतं? कारण त्याच्यावर येणारा भार त्याच्या स्वतःच्या वजनाचा नसतो, आपल्या बोटांचा असतो. ब्रेकची मूठ घ्या. खरी मूठ दहा मिलिमीटर जाड धरू. समजा टोकाला १२० किलोचा भार आला की ती मोडते. पस्तिसाव्या हिश्श्यात तिची जाडी राहते ०.२९ मिलिमीटर, आणि त्याच धातूची असली तरी १२० किलोला १,२२५ने भागून ती जेमतेम शंभर ग्रॅमला मोडेल. रेझिन तर ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कमजोर. म्हणजे हिशेब थोडक्या ग्रॅमांवर येतो. बाही अडकली किंवा ब्रशचा दांडा जरा घासला की मूठ गेली. मॉडेलच्या मापाने पाहिलं तर आपलं बोट म्हणजे अर्धा मीटर जाडीचा ओंडका.

हे एकदा ध्यानात आलं की या छंदातल्या निम्म्या युक्त्या आपोआप कळतात. नाजूक भाग शेवटी लावायचे. मॉडेल हातात धरायचंच नाही. फूटबोर्डाच्या खालच्या बाजूला बारीक भोक पाडून त्यात तार बसवायची आणि ती तार बुचात खोचायची. रंगकाम होईपर्यंत हात लागेल तो बुचाला.

३. रबराचा साचा

दुकानातली बहुतेक किटं पॉलिस्टायरीन प्लास्टिकची असतात. पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरतात. असा साचा करायला प्रचंड खर्च येतो, पण मग त्यातून नग निघत राहतात. हजारो गिऱ्हाइकं असतील तरच तो परवडतो. १९५०च्या दशकातल्या एखाद्या स्कूटरच्या एखाद्या उपप्रकाराला जगभर मिळून काही शे गिऱ्हाइकं असतील. तिथे रेझिन कामाला येतं.

आधी एक नमुना घडवतात, पूर्वी हाताने आणि आता बहुधा संगणकावर रेखून थ्रीडी प्रिंटरवर. त्याभोवती पातळ सिलिकॉन रबर ओततात. ते घट्ट झालं की कापून नमुना काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत पॉलियुरेथेन रेझिन ओततात. रेझिन म्हणजे दोन द्रव. एकत्र केले की काही मिनिटांत मिश्रण दाटू लागतं, म्हणून ओतणाऱ्याला घाई असते. रबर वाकतं, त्यामुळे आत वळलेला, खाचाखोचांचा भागही न मोडता बाहेर काढता येतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रबरी साचे असतात ते याचसाठी. सोंड आणि हात कडक साच्यातून असे सुटले नसते. मात्र रबर लवकर थकतं. काही डझन नग निघाले की कडा फाटू लागतात आणि नवा साचा करावा लागतो. साचा भरणं, नग सोडवणं, तपासणं, सगळं हाताने. किटची किंमत इथे वाढते, आणि ती मला कधीच अवाजवी वाटलेली नाही.

या पद्धतीचा जुना शत्रू म्हणजे हवेचा बुडबुडा. ओतताना शिरलेली हवा कोपऱ्यात अडकते. चांगले कारागीर साचा दाबाच्या टाकीत ठेवून बुडबुडे दिसेनासे होतील इतके दाबून टाकतात. तरी एखादा राहतोच, आणि तो मडगार्डाच्या कडेला किंवा हेडलाइटच्या कोपऱ्यात राहतो. काही बुडबुडे पृष्ठभागाच्या अगदी खाली लपलेले असतात. घासायला लागलं की तोंड उघडतात.

अलीकडे साचा न करता प्रत्येक नग थेट थ्रीडी प्रिंटरवर काढलेली किटंही येतात. त्यांचं रेझिन वेगळं. ते अतिनील प्रकाशाने घट्ट होतं आणि एकावर एक बारीक थर चढत वस्तू तयार होते. बुडबुड्यांची कटकट नाही आणि बारकावे थक्क करणारे असतात, पण हे रेझिन सहसा जास्त ठिसूळ असतं.

४. भाकरी आणि तूप

प्लास्टिकच्या दोन जाती असतात. पॉलिस्टायरीन तुपासारखं आहे: तापवलं की वितळतं, गार झालं की थिजतं, कितीही वेळा. पॉलियुरेथेन रेझिन भाकरीसारखं आहे. एकदा भाजली की तिचं पुन्हा पीठ होत नाही. कडक झालेली भाकरी वाफेवर मऊ होते, पण भाकरीच राहते. दोन द्रव मिसळल्यावर रेझिनमधले रेणू एकमेकांना आडव्या-उभ्या बंधांनी जखडले जातात. उष्णतेने रेणू जरा सैलावतात, पण ते बंध सुटत नाहीत.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली फायद्याची. व्हेस्पाचा पुढचा पत्रा खोक्यात येता येता अनेकदा मुरडलेला असतो. चहाच्या आधणाइतकं नाही, पण हात घालवणार नाही एवढं गरम पाणी वाटीत घ्यावं, पत्रा अर्धा मिनिट बुडवावा, मऊ झाल्यावर बोटांनी सरळ करून लगेच थंड पाण्यात धरावा. तो तसाच राहतो. कोरडा असताना वाकवायला गेलात तर कट्‌कन दोन तुकडे होतील.

दुसरी गोष्ट गोंदाची. प्लास्टिकच्या किटांचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवतो. दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. रेझिनवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. इथे सायनोॲक्रिलेट लागतं, आपल्याकडे ज्याला सगळेच फेविक्विक म्हणतात ते. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे रसायन हाती आलं आणि सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला पडलं. विक्रीला आलं ते १९५८ साली. ते वाळत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतं. म्हणून मुंबईच्या जुलैत ते मे महिन्यातल्या नागपूरपेक्षा लवकर पकडतं. दमट हवेत जास्त लावलं तर भोवती पांढुरकी राखही धरते. तिचं कारण गोंदाची वाफ.

आता थेंबाचा प्रश्न. नळीतून पडणारा थेंब तीनेक मिलिमीटरचा असतो, कारण त्याचा आकार द्रवाचा पृष्ठताण ठरवतो आणि पृष्ठताणाला मॉडेलचं प्रमाण ठाऊक नसतं. स्कूटरच्या मापाने तो दहा सेंटिमीटरचा गोळा झाला. त्यात हँडलचा सांधा बुडून जाईल. जुन्या लोकांचा उपाय सुंदर आहे. शिवणाच्या सुईच्या नेढ्याचं टोक छाटायचं, म्हणजे दोन बारीक शिंगं उरतात. ती गोंदात बुडवली की त्यांच्यामध्ये चिमूटभर गोंद अडकतो. भाग आधी जागेवर धरायचे आणि ही शिंगं फटीला टेकवायची. गोंद आपसूक फटीत ओढला जातो. ज्या पृष्ठताणाने थेंब मोठा केला तोच इथे मदतीला येतो.

५. पत्रा जाड, कडा पातळ

व्हेस्पाला वेगळी चौकट नाही. दाबून आकार दिलेला पत्राच सगळा भार पेलतो. दास्कानिओने विमानातली कल्पना स्कूटरला आणली. लँब्रेटा स्कूटरच्या सांगाड्यासारखी नळी इथे नाही, चेन नाही, इंजिनही झाकलेलं. त्यामुळे किटमध्ये भाग थोडे असतात आणि नवख्याला वाटतं, सोपं आहे. माझ्या मते ही सगळ्यात अवघड स्कूटर आहे, कारण ती सगळी पत्र्याची आहे.

हिशेब करून बघा. खरा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाड. पस्तिसाव्या हिश्श्यात तो ०.०३ मिलिमीटर, केसाहून बारीक. असं काही साच्यात ओतता येत नाही. रेझिनचा पत्रा अर्धा मिलिमीटर तरी लागतोच, म्हणजे खऱ्या मापात साडेसतरा मिलिमीटर. फळीएवढा जाड पत्रा! समोरून कळत नाही, पण बाजूने पाहिलं की स्कूटर साबणाची वाटते.

यावर उपाय म्हणजे डोळ्याची समजूत घालणं. माणूस पत्र्याची जाडी पाहतो ती फक्त कडेला. मग कड तेवढी पातळ करायची. पुढच्या पत्र्याची मागची बाजू, मडगार्डाची आतली बाजू आणि डिकीची खालची किनार आतून तिरपी घासत न्यायची. मधला भाग आहे तसाच जाड ठेवायचा. आधी सर्जिकल ब्लेड आडवं धरून खरवडायचं, मग वॉटर पेपर चारशे नंबर, आठशे, हजार. दिव्याच्या उजेडात कड धरली की काम झालं की नाही ते कळतं. पुरेशी पातळ झालेली किनार पिवळसर अर्धपारदर्शक दिसू लागते. तिथे थांबायचं. वेळ सगळ्यात जास्त जातो तो इथेच, आणि तो द्यावाच. बाकी सगळं साधारण जमलं आणि कडा पातळ झाल्या तर स्कूटर खरी वाटते. उलट झालं तर नाही वाटत.

घासताना पेपर आणि भाग दोन्ही ओले हवेत. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. कोरडं कापताना मास्क लावावा. प्रिंटरचं घट्ट न झालेलं रेझिन कातडीला त्रास देतं, तिथे हातमोजे लागतात. या दोन बाबतींत हयगय करू नये.

६. एका बाजूने टांगलेलं चाक

व्हेस्पाचं पुढचं चाक सायकलसारखं चिमट्यात नसतं. विमानाच्या चाकासारखं ते एकाच बाजूच्या आडव्या दांडीवर असतं, म्हणून पंक्चर झाल्यावर चार-पाच नट काढून स्टेपनी लावता येते. मॉडेलमध्ये मात्र ही दांडी मिलिमीटरभर जाडीची, आणि पुढचा सगळा भार तिच्या एका सांध्यावर. नुसत्या गोंदावर विसंबू नये. सायनोॲक्रिलेट ताणाला चांगलं, पण आडव्या झटक्याने सुटतं.

म्हणून सांध्यात तारेचा खिळा घालतात. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने दोन्ही भागांत ०.४ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि पितळेची तार बसवायची. दोन्ही भोकं समोरासमोर कशी येणार? एका भागात भोक पाडून त्यात तारेचा कण किंचित बाहेर ठेवायचा, त्याच्या टोकाला रंगाचा ठिपका लावायचा आणि भाग दुसऱ्यावर टेकवायचा. खूण उमटते तिथे ड्रिल.

ब्रेक आणि क्लचच्या वायरी किटमध्ये बहुधा नसतात. खरी वायर पाच मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ०.१४. जुन्या इअरफोनच्या वायरीतली तांब्याची तार त्याला चालते. त्याहून जाड तार लावण्यापेक्षा वायर न लावलेली बरी. रिकामी जागा डोळ्याला खटकत नाही, दोरखंड खटकतो.

७. रंगाची जाडी आणि नंबरप्लेट

रंगाआधी सगळे भाग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवायचे. नग साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यांच्यावर असतं आणि रंग त्यावर धरत नाही.

समजा प्रायमर, रंग आणि वॉर्निश मिळून थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा झाला. खऱ्या स्कूटरच्या मापात तो साडेतीन मिलिमीटर होतो. डिकीच्या झाकणाची फट खऱ्या गाडीवर तेवढीच असते; म्हणजे फट बुजली. म्हणून एअरब्रशने पातळ, जवळजवळ पाण्यासारखा रंग अनेक वेळा फवारतात, ब्रशचे दोन हात देत नाहीत. रंग मूळपेक्षा किंचित फिका घेतात, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. चकाकीही थोडी कमी ठेवतात. गंज आणि चिखल मात्र बेताने. पत्रा इतक्या मेहनतीने पातळ करायचा आणि मग तो चिखलाखाली झाकायचा, हे मला पटत नाही.

१९५०च्या दशकातल्या व्हेस्पाच्या किटला चेतक म्हणून रंगवण्याचा मोह आपल्याकडे होणार. जपून. तिची रिम आठ इंची, चेतकची दहा इंची. दोन इंचांचा फरक पस्तिसाव्या हिश्श्यात दीड मिलिमीटर होतो, आणि अकरा मिलिमीटरच्या चाकावर तो लपत नाही. स्प्रिंटचं किट घ्यावं. तिचीही रिम दहा इंची आहे. मागे एमएच १२ लिहिलेली पुण्याची पाटी हवी असेल तर तीही हिशेबाने करता येते. मागच्या पाटीवरचा अंक ४० मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ ७ मिलिमीटर जाड धरू. मॉडेलवर उंची १.१४ आणि रेघ ०.२. घरचा लेझर प्रिंटर इंचात ६०० ठिपके काढतो, म्हणजे एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा. रेघेला पाचेक ठिपके मिळतात. अंक वाचता येतो. पाण्याने सरकवून चिकटवायच्या कागदावर तो छापून पाटीवर बसवायचा आणि वर वॉर्निशचा एक हलका फवारा द्यायचा.

पाटी बसल्यावर राहतात ते आरसा, वायरी आणि दोन मुठी. हे भाग याच क्रमाने लावायचे, हँडलपासून बाहेर. मग बुचाची तार कापून तिचाच उरलेला तुकडा लाकडी पाटाच्या भोकात घट्ट बसवायचा, म्हणजे यापुढे उचलायचं ते पाटाला धरून. वर काचेचं झाकण हवं आणि जागा थेट उन्हातली नको. न रंगवलेलं रेझिन उन्हाने पिवळं पडतं आणि रंगाच्या छटाही उडतात.